नाला क्रमांक सात

नकाशावर त्याला नाव नव्हतं.
केसाएवढी निळी तुटक रेघ,
शेजारी पेन्सिलीनं काढलेला सात.
मोईज साहेब म्हणाले, खालून वर चालू.
पाणी उतरत येतं,
विचारपूस करणाऱ्यानं चढत जावं.

मी पट्टी धरणारा.
चौदा फुटांची पट्टी, तांबडे-काळे आकडे.
मी चिखलात उभा राहायचो
आणि साहेब दुर्बिणीतून बघायचे
माझ्याकडं नाही, माझ्या शेजारच्या आकड्याकडं.

मांजरेला मिळतो तिथं तो वीस हात रुंद,
काठानं सिंदी, मधोमध गाळाची काळी जीभ.
टरबूजवाले म्हणाले, ही लेंडी.
साहेबांनी वहीत लेंडी लिहिलं.
पुढं कोसभरावर सिमेंटच्या दोन नळ्या,
एक बेशरमानं बुजलेली.
तिथं तो परटाचा वढा.
परटाचं घर कधीच पुण्याला गेलेलं,
दगड तेवढे गुळगुळीत राहिलेले.
साहेबांनी लेंडी खोडलं.

त्याच्याही वर तो नवरीचा.
कुणाची तरी वरात म्हणे अलीकडं अडकली रात्रभर,
पलीकडं भटजी,
आणि मंगलाष्टकं पाण्यावरून ओरडून म्हटली.
सांगणारा किसन येडबा शपथेवर सांगत होता,
नवरी त्याची आत्या होती.
साहेबांनी रबर काढलं.

मग माती पातळ होत गेली.
आधी काळी, पायताणाला धरणारी.
मग तांबूस. मग मुरूम.
मग नुसता खडक,
ज्याला पाणी ठेवून घेता येत नाही,
वाट देता येते फक्त.
ओढ्याला कोंबडीच्या पायासारखी बोटं फुटली,
डावीकडं एक, उजवीकडं तीन,
आणि प्रत्येक बोटाशी तरवडाचं एखादं झुडूप
ओल कुठवर आहे ते सांगत उभं.
म्हाळप्पा धनगर तिथं नाव घेतच नव्हता.
जीभ टाळूला लावून ट्रर्र करायचा,
शंभर मेंढ्या थांबायच्या आणि खाली वाकायच्या.
हे कसं लिहायचं, साहेबांनी मला विचारलं.
माझं शिक्षण सातवी.
मी पट्टी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

माथ्यावर सोजरबाईचं घर.
एकटंच. माळवदाचं, पांढऱ्या मातीचं,
दोन अंगांना दोन पन्हाळी.
साहेबांनी तिपाई मांडली, बुडबुडा मधे आणला,
तीनदा बघितलं,
आणि मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.
म्हणाले, आजी, ही पन्हाळ गोदावरीला जाते.
मांजरेतून, लांबून, पण जाते.
आणि ही मागची जाते सीनेला,
सीना भीमेला, भीमा कृष्णेला.
दोन खोरी आहेत तुमच्या डोक्यावर.

सोजरबाई शेंगा फोडत होती.
"आसतील की बाबा," म्हणाली,
"मला घागरीला दीड कोस खाली जावं लागतंय."

साहेब गप्प झाले.
बुडबुडा थोडा सरकलेला, तो नीट करत बसले.

तिनं आम्हाला पाणी दिलं.
पितळेचा तांब्या, तळाला पोचा.
मी प्यालो, साहेब प्याले,
तळाला घोटभर उरलं,
ते तिनं उंबऱ्याबाहेर ओतलं
आणि मान वाकडी करून बघत राहिली,
कोणीकडं जातंय.

ते उगवतीला गेलं नाही.
मावळतीला गेलं नाही.
ताटलीएवढा गोल डाग झाला,
कडा आत आत येत गेल्या.
"बघा," ती म्हणाली, आणि पुन्हा शेंगांना लागली.

त्या फायलीवर पुढं बंधारा झाला,
खाली, परटाच्या दगडांपाशी.
नावाच्या रकान्यात साहेबांनी शेवटी
सातच ठेवला.
मी निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली.
तरी त्या दिवशीचं हे एवढं आठवतं:
साहेबांनी हातानं खूण केली,
मी पट्टी नेऊन त्या डागावर उभी केली,
डाग मिटायच्या आत,
आणि त्यांनी आकडा मोठ्यानं वाचला,
हळू वाचला,
जसा आधी एकही वाचला नव्हता.